योकोहामाचा घड्याळवाला पाळणा

तोक्योला आलेले पाहुणे योकोहामाचं नाव काढतात ते बहुधा शेवटच्या दिवशी. "अर्धा दिवस उरलाय, जवळपास काही आहे का?" अर्धा दिवस पुरतो, फक्त तो दुपारनंतरचा ठेवा. बंदरावरचा 'कॉस्मो क्लॉक २१' उन्हात बराचसा आपल्या जत्रेतल्या पाळण्याचा थोरला भाऊच वाटतो. त्याची खरी ऐट दिवे लागल्यावर.

तोक्योतल्या शिबुयाहून पाळण्याजवळच्या मिनातोमिराई स्टेशनला गाडी न बदलता जाता येतं. तरी मी सगळ्यांना जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साकुरागिचो स्टेशनला उतरवते. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली शिम्बाशीहून सुटायची आणि जिथे संपायची, ते मूळचं योकोहामा स्टेशन हेच. इथून बंदराकडे जाणारी जुनी मालगाडीची लाइन आता चालायची वाट झाली आहे, किशामिची नावाची. रूळ उखडलेले नाहीत, वाटेतच बसवलेत. दोन्ही बाजूंना पाणी आणि समोर पाळणा. डोक्यावरून २०२१ पासून रोपवे जातो. सोबत गुडघे दुखणारं कोणी असेल तर त्यात बसा, एरवी चालण्यातच मजा आहे.

पाळणा १९८९ च्या प्रदर्शनासाठी उभारला, तेव्हा जगात सर्वांत उंच होता. पुढे हलवून १९९९ मध्ये सध्याच्या जागी आणला. उंची ११२.५ मीटर, डबे ६०, एका डब्यात ८ माणसं. साठच का, ते अंधार पडला की कळतं: मधोमध भलंमोठं डिजिटल घड्याळ आणि सेकंदागणिक सरकणारे आऱ्यांवरचे दिवे.

पाळणा ज्या करमणुकीच्या पार्कमध्ये आहे, तिथे शिरायला पैसे नाहीत, प्रत्येक खेळाचं तिकीट वेगळं. पाळण्याचं माणशी हजार येनच्या आसपास. बहुतेक गुरुवारी पार्क बंद असतं आणि वारा सुटला की पाळणा थांबवतात, तेव्हा निघण्याआधी त्यांची साइट बघाच. सूर्यास्ताच्या वीसेक मिनिटं आधी रांगेत लागा. फेरी १५ मिनिटांची, म्हणजे चढताना उजेड आणि उतरताना दिवे, दोन्ही पदरात पडतं. दोन डबे तळापासून पारदर्शक आहेत आणि त्यांची रांग वेगळी. ती लांब असेल तर नाद सोडा, कारण बघण्यासारखं सगळं समोर आहे, पायाखाली नाही: २९६ मीटरचा लँडमार्क टॉवर, शिडाच्या आकाराचं हॉटेल, लाल विटांची जुनी गोदामं, लांबवर बे ब्रिज. थंडीत हवा स्वच्छ असेल तर फुजीही दिसतो, पण त्या आशेवर बेत आखू नका. फोटो काढताना मोबाइल काचेला अगदी टेकवा, नाहीतर फोटोत तुमचंच प्रतिबिंब येईल.

खाली उतरलात की लगेच पळू नका. पाळण्याखालचा रोलर कोस्टर सुसाट येतो आणि तळ्यातल्या भोकात गडप होतो, त्याबरोबर पाण्याचे फवारे उडतात. लहान मुलं तिथून हलत नाहीत. फुकटात बघायला मिळतं, त्यामुळे मोठीही!

खुद्द पाळणा बघायचा तर मात्र लांबून. लाल विटांच्या गोदामांजवळून चालत ओसानबाशी धक्क्यावर जा. तिथल्या क्रूझ टर्मिनलचं अख्खं छप्पर म्हणजे चढउतारांचं लाकडी अंगण, रात्रीही उघडं, तिकीट नाही. पाण्यापलीकडे घड्याळासकट पाळण्याचे रंग बदलत राहतात. माझं मत विचाराल तर पाळण्यात बसण्यापेक्षा हे सरस. वारा बोचरा असतो, जाकीट हवंच.

आणखी थोडं पुढे यामाशिता पार्क. हे पार्कच मुळी १९२३ च्या भूकंपाच्या ढिगाऱ्यावर वसलेलं. त्यात घुमटाखाली एक पाणपोई आहे. भूकंपात योकोहामाकरांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून इथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी ती १९३९ मध्ये शहराला दिली. मान वर करून घुमटाच्या आतलं रंगीत नक्षीकाम बघा. बहुतेक जण बाहेरूनच फोटो काढून जातात.

शाकाहारी मंडळींनी पोटाची सोय आधीच करून निघावं. बिनमांसाच्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क, म्हणजे 'दाशी', असतो, आणि शेजारच्या चायनाटाउनमधल्या वाफाळत्या बनांत बहुधा डुकराचं मांस. परतीची गाडी मोतोमाची-चुकागाई स्टेशनवरून धरा. लाइन तिथूनच सुरू होते, त्यामुळे थेट शिबुयापर्यंत बसून जाता येतं.