५०० वॉटचं लेबल आणि पहिला पीसी

जून २०२४, दुसरा आठवडा

गेम खेळायला पहिला पीसी घ्यायचा, बजेट ५० हजार. मॉनिटर आत्तेभावाचा, फुल एचडी, ७५ हर्ट्झचा. तो पुण्याला गेल्यापासून माळ्यावर पडून होता. कीबोर्ड-माउस घरात आहेत. म्हणजे सगळे पैसे डब्यावरच घालायचे. लॅपटॉपचा विषय दोन दिवसांत संपवला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येत नाही, आणि मला तो कुठं न्यायचाही नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिवसभर सीएनसीवर उभा राहून आलेला माणूस घरात बसूनच खेळणार.

राजारामपुरीत तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात दारातच एक मशीन मांडलेलं, काचेचं कॅबिनेट, आत सगळे रंग. "आय-सेव्हन, ४ जीबी ग्राफिक्स, २४ हजार." मी विचारलं, कितवी जनरेशन? पोरगं म्हणालं, "आय-सेव्हन हाय की दादा." स्क्रीनवर बघितलं तर तिसरी. म्हणजे २०१२ चा प्रोसेसर, चकाचक नव्या कॅबिनेटात. कार्ड जीटी ७३०. ४ जीबीचा आकडा खोटा नव्हता, पण ती मेमरी डीडीआर३, म्हणजे जुनी आणि सावकाश, आणि कार्डाची मूळ ताकदच व्हिडिओ दाखवण्यापुरती. नवं काही शोधणाऱ्यानं जनरेशन विचारल्याशिवाय आय-सेव्हनवर भाळू नये, एवढंच.

जून, तिसरा आठवडा

दुसऱ्या दुकानाचं कोटेशन मात्र विचार करण्यासारखं होतं. रायझन ५ ५६००, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, जीटीएक्स १६५० कार्ड, २५६ जीबी एसएसडी, "कॅबिनेट विथ ५०० वॉट एसएमपीएस" (म्हणजे पॉवर सप्लाय). एकूण ४६,५००, जीएसटीसकट, जोडून, विंडोज टाकून.

आता हे वाईट आहे का? नाही. दुकानदार फसवत नव्हता. प्रोसेसर तर मी स्वतः निवडला असता तोच. पण कोटेशनमध्ये जे ठळक लिहिलेलं असतं तिथं माल बरा असतो आणि जिथं नुसतं "विथ" लिहिलेलं असतं तिथं खरी काटकसर असते. म्हटलं, "काका, तो एसएमपीएस जरा हातात द्या की."

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे वजनच नाही. आमच्या शॉपमध्ये कंट्रोल पॅनलची पॉवर सप्लाय मी उचलतो, त्यामुळं हाताला सवय आहे. मग लेबल बघितलं. वरती मोठ्या अक्षरात ५०० वॉट. खाली बारीक तक्ता, त्यात १२ व्होल्टच्या लाइनपुढं १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जगतात त्या १२ व्होल्टवर. बाकीचे वॉट कुठून आले ते त्या छापणाऱ्यालाच माहीत. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "आजवर कुणी तक्ता वाचला न्हवता." खरंच बोलले असतील.

त्या लेबलनं माझा निर्णय निम्मा झाला.

जूनअखेर

तिसरा मार्गही तपासला: ऑफिसातून निघालेला ब्रँडेड जुना पीसी आणि त्यात वेगळी पॉवर केबल न लागणारं, ७५ वॉटचं १६५०. ज्याचं बजेट पंचवीसच्या आत आहे त्यानं हे जरूर करावं. फक्त डबा पातळ असला तर कार्ड लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) लागतं, आणि अशा बऱ्याच पीसींत बोर्ड-एसएमपीएसची जोडणीच वेगळी असते, त्यामुळं पुढं काही वाढवायचं तर अडतं. मी त्यात अडकलो नाही.

जुनी कार्डंही बघितली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं तेव्हापासून राबवलेली कार्डं बाजारात फिरतायत. त्यातली सगळी खराब नसतात. पण बिल नाही, वॉरंटी नाही, आणि माझा हा पहिलाच पीसी. बंद पडला तर चूक माझी की कार्डाची हे मला कळणार कसं?

५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) घेऊन आत्ता त्याच्याच ग्राफिक्सवर भागवायचं आणि कार्ड दिवाळीला, असंही मित्रानं सुचवलं. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. कार्ड शेवटी घेणारच असेन तर आजचं ग्राफिक्स फुकट जाणार आणि कॅशची उणीव मात्र राहणार. नको.

शेवटी यादी अशी ठरली. रायझन ५ ५६०० १०,२००, बी४५० बोर्ड ६,४००, रॅम ८ च्या दोन पट्ट्या ३,२००, आरएक्स ६६०० कार्ड २०,५००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी ३,१००, ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) ५५० वॉट एसएमपीएस ४,१००, तीन पंख्यांचं जाळीदार कॅबिनेट ३,०००. बेरीज ५०,५००. काकांच्या कोटेशनपेक्षा ४ हजार जास्त, पण कार्ड १६५० च्या दुपटीच्या आसपास, रॅम दुप्पट, आणि तक्ता वाचता येईल असा एसएमपीएस. ६६०० ला १३२ वॉट लागतात, प्रोसेसर ६५ चा. ५५० मध्ये निवांत.

एसएसडी सोडून सगळं त्या काकांकडूनच घेतलं. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला. ते जोडूनही देणार होते, वर पाचशे रुपयांत. घासाघीस न करता नाही म्हटलं. जोडायची मजा दुसऱ्याला का द्यायची?

जुलै, शेवटचा आठवडा

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलेली. गावात एकच विषय, पाणी किती फुटांवर. माझं एसएसडीचं पार्सल चार दिवस कुरिअरच्या गोदामात. आल्याबरोबर रात्री जोडायला बसलो.

आईनं थंडी म्हणून खाली घोंगडं अंथरलेलं. लोकरीवर इलेक्ट्रॉनिक्स नको म्हणून काढायला लावलं. तशी या पावसात हवाच इतकी ओली की स्टॅटिकची भीती कमीच, पण उगाच कशाला. "मी झोपतो आता, तू बस खेळत," म्हणून ती गेली.

एएम४ या सॉकेटच्या प्रकारात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणायचा, लिव्हर उभी करायची आणि नुसता सोडायचा. तो आपल्या वजनानं "टक" न करताच बसतो. दाबायचा म्हणून बोट जरी गेलं तरी मागं घ्यायचं. कूलरचे चार स्क्रू मात्र आमच्या ओळखीचे. फ्लँजचे बोल्ट आवळतो तसेच, समोरासमोर, थोडे थोडे. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की तळ तिरका बसतो आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट एकीकडं सरकते. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचे पंखे फिरले, मॉनिटर काळा. बोर्डावरचा सीपीयूचा छोटा लाल दिवा पेटून राहिला.

रॅम काढून घातली. कार्ड काढून घातलं. केबल कार्डालाच आहे ना ते तीनदा बघितलं (५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या एचडीएमआयला जोडून गप्प बसलेले लोक कमी नाहीत). मग बोर्डाचा खोका उलटा करून स्टिकर वाचला आणि उजेड पडला. माल जुना. त्यातला बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) रायझन ५००० यायच्या आधीचा. बी४५० ला ५६०० चालतो, पण बायोस नवा असेल तरच. दुकानात हे विचारायला मी विसरलो होतो, आणि सांगायला तेही.

नशिबानं या बोर्डाला फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं, बटण आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साइटवरची फाइल सांगितलेल्या नावानं टाकायची, खूण केलेल्या पोर्टात लावून बटण दाबायचं. प्रोसेसर ओळखायची गरजच नाही. अडचण वेगळीच होती. त्या संध्याकाळी लाइट चार वेळा गेलेली.

मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. फोन केला.

"भावा, तुझा यूपीएस किती वेळ टिकतोय?"

"एक कॉम्प्युटर वीस मिनिटं. का रं?"

"घिऊन ये की."

"आत्ता? पावसात?"

आला. खताच्या पोत्यात यूपीएस गुंडाळून, स्प्लेंडरच्या टाकीवर. रेनकोट स्वतःला नाही, यूपीएसला. दोघं बोर्डापुढं मांडी घालून बसलो. दिवा लुकलुकायला लागला. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मधेच लाइट गेली, यूपीएस ओरडायला लागला, आणि तो म्हणाला, "हे बघ, म्हणूनच आणलाय." दिवा थांबला. चालू केलं, मॉनिटरवर कंपनीचं चिन्ह.

नंतर वाचनात आलं की फ्लॅशबॅक मधेच तुटला तरी बहुतेक वेळा तो परत करता येतो. त्या रात्री माहीत असतं तर भाऊ कोरडा राहिला असता.

ऑगस्ट, पहिला आठवडा

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू केलं. नाहीतर ३२०० ची रॅम आपली मुकाट्यानं २४०० वर चालत होती आणि मला पत्ताच नव्हता. व्हॅलोरंट या गेमसाठी विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग चालू कराव्या लागल्या, नाहीतर गेम उघडतच नाही. त्यातच एक अख्खी संध्याकाळ गेली.

जीटीए फाइव्ह हाय सेटिंगवर शंभरच्या वर फ्रेम, कार्डाचं तापमान ६८ च्या आसपास, तेही खिडकी बंद असताना. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, त्यामुळं वरच्या फ्रेम वायाच. भावानं दोन तास गाडी पंचवीसदा ठोकली आणि म्हणाला, लई भारी. यूपीएसचं भाडं म्हणून आता रोज येतोय.

मागचा पंखा पहिल्या दिवसापासून बारीक घरघरत होता. बेअरिंग गेलं असं वाटलेलं. काल झाकण उघडलं तर एक केबल पात्याला घासत होती, झिप टायनं बांधली. राहिलेलं एकच काम, स्वतःचा ६०० व्हीएचा यूपीएस. दुकानाचा उद्या परत द्यायचाय.