वरच्या फळीवरच्या वह्या

आप्पा बळवंत चौकात माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये, ऐन शाळांच्या गर्दीत, डावा हात वरच्या फळीपर्यंत पोचेना. शर्ट चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. ओझं उचलून लचक भरली असेल म्हणून महिनाभर बाम चोळला.

हाडांच्या डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "शुगर आहे का?" मला हसूच आलं. वजन ५८ किलो, आठवड्यातून तीनदा पर्वती चढणारा माणूस मी. पण आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो म्हणे. रिपोर्ट आला: उपाशीपोटी साखर १८२, आणि गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ९.१. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात.

बारीक माणसाला साखर कशी, हे कोडं पुण्यातच सोडवलं गेलंय, हे मला नंतर कळलं. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र त्या साहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे बारीक माणसातही चरबी लपलेली असू शकते, आणि तिच्यामागून साखर येते. वाचून जरा बरं वाटलं. आपण एकटेच फसलेलो नाही!

गोळ्या सुरू झाल्या, व्यायामाने खांदा वर्षभरात सुटला. खरा त्रास पुढेच होता. घरात मी माणूस राहिलो नाही, आकडा झालो. "अहो, आज किती?" हा सकाळचा पहिला प्रश्न. गणपतीत मोदकाकडे नुसतं बघितलं तरी चार जण माझ्याकडे बघायचे. मग मी खोटं बोलायला लागलो. १९० आली की १४० सांगायचो. पुढे साखर मोजायचं मशीनच गल्ल्याच्या खणात टाकून दिलं. पर्वती सुटली. रात्री तीनला जाग यायची, दिवसा गिऱ्हाइकावर खेकसायचो. पायाला मुंग्या येत होत्या, तेही कुणाला बोललो नाही.

वर्षभराने गेलो तो नव्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून "कळतंय का?" असं दहा-बारा ठिकाणी विचारलं. डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रथिन, बी-१२, सगळं तपासायला लावलं. मेटफॉर्मिन ही माझी साखरेची गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ घटू शकतं, त्यात मी पक्का शाकाहारी. ते कमीच निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. (डोळ्यांत थेंब घालतात त्या दिवशी गाडी नेऊ नका. मी नेली आणि दोन तास बाकावर बसून राहिलो.)

फाइल मिटून त्या म्हणाल्या, "काका, आकडे राहू देत. झोप लागते का? या सगळ्याचा वीट आलाय का?" तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला बोलताच येईना, नुसता हुंदका आला.

त्यांनी सांगितलं, मधुमेहींमध्ये नैराश्य साधारण दुप्पट आढळतं. मन खचलं की चालणं आणि गोळ्या सुटतात, ताणाने कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, साखर आणखी चढते, तिला बघून मन आणखी खचतं. शिवाय रोजच्या मोजमापाने येणारा थकवा हा नैराश्याहून वेगळा असतो, त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. माझ्यात दोन्ही थोडं थोडं होतं. समुपदेशकाकडे सहा वेळा गेलो. आधी लाज वाटली, कुणी ओळखीचं दिसेल म्हणून लांबच्या पेठेतून वळसा घालून जायचो.

तिसऱ्या खेपेला बायकोही आली. रोज भाजीत साखर घालायची सवय मोडताना तिलाही जड गेलं होतं, हे तिने तिथे पहिल्यांदा सांगितलं. मी ते कधी विचारलंच नव्हतं. तिथेच आमचं ठरलं: आकडे मी दुकानातल्या दोनशे पानी वहीत खरे लिहायचे आणि तिने फक्त रविवारी बघायचे.

गेल्या वेळचं एचबीएवनसी ७.२. पायाच्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. मागच्या रविवारी वहीत २१० दिसलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बुधवारचं ना? बासुंदी मीच केली होती."