आमची वाटचाल : विळीपासून सिकेटरपर्यंत

नाशिकजवळच्या सातपूरच्या एका कारखान्यात मी १४ वर्षं टूल अँड कटर ग्राइंडरवर होतो. बोथट झालेली ड्रिल, रीमर, मिलिंग कटर पुन्हा धारेला आणायची, हेच काम. कारखाना बंद झाला तेव्हा हातात थोडेफार पैसे आणि ही एकच विद्या होती. घराजवळ गाळा भाड्यानं घेतला, बेंच ग्राइंडर बसवला आणि बाहेर पाटी लावली : चाकू, कात्री, विळी, कोयत्याला धार लावून मिळेल.

पहिल्याच महिन्यात एक आजी विळी घेऊन आल्या. सागवानी पाट, जुनं पोलादी पातं, सासूबाईंच्या वेळची. मी दहा मिनिटांत चकचकीत करून दिली. तिसऱ्या दिवशी आजी परत दारात. "भाऊ, परवा तू धार लावलीस आणि आज गवारसुद्धा तुटेना. असं कसं झालं?"

पातं उजेडात धरलं तर कडेला निळसर पट्टा. काय चुकलं ते तिथंच कळलं. कारखान्यात चाकावर कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं द्रव, सतत वाहतं असायचं. इथं मी पातळ पातं कोरड्या चाकावर दाबून धरलं होतं. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. मग कितीही घासा, धार टिकत नाही. तेवढा भाग काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. क्षणभर चाकाला टेकवायचं, लगेच पाण्यात बुडवायचं, असं करत अडीच मिलिमीटर पातं उतरवलं. अख्खी दुपार गेली. चूक माझी आहे हे आजींना सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

त्या दुपारी धंद्याची दिशा ठरली. धार लावायची म्हणजे लोखंड काढायचं, आणि काढलेलं परत येत नाही. म्हणून कमीत कमी काढायचं. पाण्याच्या कुंडात संथ फिरणारं चाक घेतलं. चाकूंसाठी ४०० आणि १००० नंबरचे दगड आणले. आता घरातला चाकू माझ्याकडे आला की बहुतेकदा तो चाकावर चढतच नाही, दगडावरच भागतं. एका बाजूनं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागते, ती बर. बर पूर्ण लांबीभर उठली की बाजू बदलायची. बर न काढता दिलेला चाकू पहिल्या दिवशी कागद कापतो आणि चौथ्या दिवशी टोमॅटोवर घसरतो. कात्रीची आतली बाजू तर मी घासत नाही, कुणी आग्रह केला तरी. ती घासली की पाती एकमेकींना नीट भिडत नाहीत आणि कापड कापलं जाण्याऐवजी मधे दुमडतं.

द्राक्षवाल्यांनी आम्हाला खरं उभं केलं. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, या दोन हंगामांत निफाड-दिंडोरीकडून सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, पिशव्या भरभरून येतात. सिकेटरला एकाच पात्याची आणि त्याचीही बाहेरचीच बाजू धारेची असते. खालचं आकडीसारखं पातं काडी धरायला असतं. लोक त्यालाही कानस मारून आणतात, मग दोन्हींत फट पडते आणि काडी तुटण्याऐवजी चेचते. चेचलेली काडी दाखवली की बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही सिकेटर पूर्ण खोलतो, वाळलेला रस रॉकेलनं काढतो, स्प्रिंग बघतो, बोल्ट असा आवळतो की पातं हलणारही नाही आणि जामही होणार नाही. दिवसभर छाटणी करणाऱ्या बाईच्या मनगटाला यातला फरक लगेच कळतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये गाळा बंद होता, खरड छाटणी मात्र थांबणारी नव्हती. भाजीच्या गाड्यांबरोबर सिकेटर घरी येऊ लागली. तेव्हापासून सौभाग्यवती हिशेब आणि ने-आण बघतात, आणि आता सोसायट्यांमधलं कामही त्यांनीच वाढवलंय. मे महिन्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडायचे मोठे अडकित्ते येतात, खंडेनवमीच्या आधी पूजेत मांडायची सगळी हत्यारं.

गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी सांगतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापू नका, लाकडी पाट घ्या. आणि विळी धुतली की तिथंच पुसा, सिंकमध्ये ओली ठेवू नका.

जुनं पातं आलं की रुंदी व्हर्नियरनं मोजून वहीत लिहितो, परत देतानाही लिहितो. आजींची विळी दर दिवाळीला येते, आता त्यांची सून घेऊन येते. पहिल्या नोंदीत अडीच मिलिमीटर गेल्याचं लिहिलंय. त्यानंतरच्या नऊ दिवाळ्यांत सगळं मिळून एक मिलिमीटरही गेलेलं नाही.