नाल्याच्या वरच्या अंगाला

पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांतले बहुतेक शनिवार-रविवार मी विद्यापीठाच्या गिर्यारोहण गटाबरोबर डोंगरात घालवले. पहाटेच्या गाडीने चाळीसगाव, तेथून जीपने पाटणादेवी आणि पुढे पायी डोंगरातले नाले, अशी आमची ठरलेली वाट असे. हा परिसर गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. त्यामुळे वनखात्याची परवानगी हातात पडल्याशिवाय सॅक भरायची नाही, असा गटाचा शिरस्ता होता.

वाहत्या नाल्यातून, धबधब्यांवरून दोराने खाली उतरत जाणे म्हणजे कॅन्यनिंग. कोरड्या कड्यावरचे रॅपलिंग येत असले की हेही येईल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात कित्येक सवयी उलट्या कराव्या लागल्या. कड्यावर दोराच्या शेवटी गाठ मारतात, म्हणजे उतरणारा दोर संपून खाली पडत नाही. धबधब्याखालच्या कुंडात मात्र तीच गाठ खडकात अडकू शकते आणि माणूस पाण्याच्या माऱ्याखाली जखडला जातो. म्हणून तिथे गाठ नसते आणि दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडतात. पहिल्याच पावसाळ्यात मी चार-पाच हात दोर जास्त सोडला होता. कुंडात उतरताच त्याचे वेटोळे माझ्या पोटरीभोवती बसले आणि वरून पाणी हेल्मेटवर आदळत असताना ते सोडवायला मला जो वेळ लागला, तो मी अजून विसरलेले नाही.

आपल्याकडचे धबधबे पायऱ्यापायऱ्यांचे का, हेही मला दोरावर असतानाच उमगले. हा डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या, एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. घट्ट काळा थर टिकून राहतो आणि त्याच्याखालचा सच्छिद्र किंवा तांबूस मातकट थर झिजत आत जातो. उतरताना पाय टेकायला असलेली भिंत एकाएकी नाहीशी होते, आपण दोरावर लोंबकळतो आणि समोर, पाण्याच्या पडद्याआड, ओलसर कपार दिसते. आमच्या गुहा म्हणजे बहुतेक वेळा अशाच कपारी होत्या. मेघालयातल्या चुनखडीत असतात तशी मैलोगणती भुयारे या दगडात होत नाहीत. तरीही माणशी तीन दिवे घेतल्याशिवाय आम्ही आत जात नसू, आणि छताला वटवाघळे दिसली की आवाज न करता मागे फिरत असू.

कोरीव लेण्यांजवळ मात्र दोर बाहेरही काढायचा नाही. पितळखोऱ्याला आम्ही केवळ पाहायला गेलो. तिथे खडकात कोरलेला पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या फण्यांना छिद्रे आहेत आणि खडकातून आणलेले पाणी त्यांतून बाहेर पडावे, अशी योजना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी डोंगराच्या पाण्याला वाट करून दिली होती. आम्हीही त्या पाण्याची वाट ओळखायलाच शिकत होतो.

ती खऱ्या अर्थाने शिकवली आमच्या वाटाड्या आप्पांनी. एका रविवारी, ऑगस्टमध्ये, आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते आणि पहिला दोर बांधून झाला होता. आप्पा मात्र नाल्याच्या वरच्या अंगाला, पठाराकडे, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "वर पानी पडी राह्यनं." आम्हाला एकही ढग दिसत नव्हता. तरीही आमच्या गटप्रमुख ताईंनी एक शब्दही न बोलता दोर ओढून घेतला. त्यांच्या त्या तत्परतेबद्दल मला आजही आदर वाटतो, कारण वीस जणांचा हिरमोड पत्करणे सोपे नव्हते. आम्ही काठावर उंच जागी बसलो आणि कळण्याची भाकरी व ठेचा सोडला. अर्ध्या तासात पाण्यावर वाळकी पाने आणि काटक्या तरंगत आल्या, मग पाणी चहासारखे झाले आणि नाल्याचा आवाज जड झाला. आम्ही ज्या दगडाला दोर बांधला होता, तो थोड्याच वेळात दिसेनासा झाला.

त्या दिवशी आम्ही एकही धबधबा उतरलो नाही. संध्याकाळी वसतिगृहात परतल्यावर, भिजलेला नसतानाही, तो दोर मी नेहमीसारखा हातभर-हातभर चाचपून पाहिला आणि व्हरांड्याच्या सावलीत टांगून ठेवला.