आठ वाजताची ओव्हर

लातुरात एका खासगी दवाखान्यात चौदा वर्षं सिस्टर म्हणून काढली आणि 2015 साली नोकरी सोडून वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र काढलं. भाड्याचं घर, आठ खाटा, दोन सिस्टर, चार मावश्या. सासरचे म्हणाले, "आपल्याकडं आई-बापाला बाहेर कोण ठेवतंय?" चार महिन्यांत खाटा भरल्या. पोरं पुण्याला, घरी दोघंच, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं. आमच्या गल्लीतच अशी तीन घरं होती.

पुढच्याच वर्षी पाणी संपलं. एप्रिल 2016, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. मी प्रत्येक घरी फोन करून सांगितलं: अंघोळ दिवसाआड, एरवी ओल्या फडक्यानं अंग पुसू, पण कूस दर दोन तासांनी बदलणारच. कुणीही माणूस हलवला नाही. उदगीरचा एक मुलगा तर दर रविवारी गाडीत पाण्याचे कॅन टाकून यायचा. खरं सांगितलं तर लोक धरून राहतात, हे तेव्हाच डोक्यात बसायला हवं होतं. नाही बसलं.

दोन वर्षांनी एका काकांना रात्री उलट्या झाल्या, पोटात काही राहिलं नाही. हे नाइटच्या मावशीला माहीत होतं. तिची ड्युटी आठला सुटली, ती रिक्षा गाठायला पळाली. सकाळच्या सिस्टरनं रोजचं इन्सुलिन दिलं. काकांनी नाश्ता नुसता चिवडला. नऊच्या सुमाराला घामानं बनियन चिंब, जीभ अडखळायला लागलेली. शुगर 48. साखरपाणी पाजलं, हळूहळू बोलायला लागले. माझी चूक इथून सुरू होते. "आता बरे आहेत, उगीच घाबरवायचं कशाला" म्हणून मी मुलीला कळवलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी कळवलं. ती दुसऱ्या दिवशी आली आणि वडिलांना घेऊन गेली. "शुगर घरीपण उतरते, ताई. तुम्ही सांगितलं नाही, त्याचं काय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आधी मी मावशीवर चिडले: वहीत का लिहिलं नाही? वही तर दाराशीच टांगलेली. मग कळलं, चारपैकी दोघींना सहीपुरतंच लिहिता येतं. इतके दिवस त्या वहीत "ठीक" एवढंच का असायचं, ते तेव्हा उमगलं. तेव्हापासून ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना जाणारीनं येणारीला प्रत्येकाची हालहवाल सांगणं, खाटेपाशी होते. मावशी बोलते, सिस्टर लिहिते, आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते ऐकत असतात. "आजीनं रातच्याला दीड भाकर खाल्ली." "कुठली गं दीड? चतकोर खाल्ली, उरलेली तूच उचलून नेलीस." हे वहीत कुठून आलं असतं?

घरच्यांकडूनही आम्ही बीपी, शुगर, दात, चष्मा एवढंच विचारत होतो. औसा तालुक्यातल्या एक आजी आल्या. पहाटे चारच्या आत उठायच्या आणि उशी काखेत मारून अंगणात जायच्या. मावशीनं कडी लावली, तर दार बडवायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, हा भ्रम आहे. झोपेच्या गोळीसाठी डॉक्टरांना फोन करणार होते मी. तेवढ्यात वेळ अमावस्येचा सण आला आणि त्यांची सून भज्जी-आंबील घेऊन आली. तिला सहज विचारलं. ती म्हणाली, "किल्लारीच्या भूकंपाला ढिगाऱ्याखाली होत्या की त्या. तवापासून चारला आत थांबत नाहीत." 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला थोडा वेळ कमी. लातूरच्या माणसाला ही वेळ सांगावी लागत नाही, आणि मला ती सुचली नाही! आजींची खाट दाराजवळ घेतली, कडी काढली, अंगणात बल्ब लावला. नाइटची मावशी त्यांच्यासोबत चहा घेते. गोळी लागलीच नाही. भरतीच्या फॉर्मला मग आम्ही एक कोरं पान जोडलं, वर एवढंच: "घरी कसे राहायचे?" काही जण दोन ओळी लिहितात, काही मागचं पानही भरतात.

नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, तो तीन महिन्यांत बंद केला. एका आजीचा अंग उघडं पडलेला फोटो चुकून त्यात गेला, आणि दोन भावांचं भांडण सगळ्यांनी वाचलं. आता भरतीच्या वेळीच घरातला एक माणूस ठरवून घेतो. रविवारी फोन त्यालाच, आणि काही बिघडलं तर त्याच तासाला. भावंडांत एकमत नसलं तर दवाखान्यात हलवायचं की नाही ते सगळ्यांसमोर लिहून घेतो. यावरून दोन गिऱ्हाइकं परत गेली, जाऊ देत.

आज बावीस खाटा आहेत. ओव्हरला अर्धा तास जातोच आणि मावश्यांची रिक्षा अजून चुकते. त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे द्यायला मी गेल्या दिवाळीपासून सुरुवात केली. तेही एका मावशीनं ओव्हरमध्येच, आजींच्या खाटेपाशी उभं राहून मागितले म्हणून.