तुम्ही विचारलंत म्हणून : ब्लायची भुते

हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या कादंबरीविषयी मी कुठेही बोलले, मग ते वर्गात असो वा वाचनालयाच्या वाचकगटात, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : “मॅडम, ती भुते खरी की त्या बाईच्या डोक्यातली? तुमचे मत काय ते एकदाचे सांगा.” विचारणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा थोडा वैतागही असतो, कारण कादंबरी वाचून झाल्यावर त्याने दोनचार जणांची मते ऐकलेली असतात आणि त्यातले कोणतेही एक दुसऱ्याशी जुळत नसते. तुम्ही विचारलेच आहे म्हणून सरळ सांगते. भुते खरी आहेत असे मी मानते. मुलाचा जीव मात्र भुतांनी घेतला असे मी मानत नाही.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगायला हवे. एका गरीब पाद्र्याची वीस वर्षांची मुलगी लंडनमधल्या हार्ली स्ट्रीटवर राहणाऱ्या एका श्रीमंत, देखण्या अविवाहित गृहस्थाकडे गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी आणि सांभाळणारी बाई, म्हणून नोकरी धरते. या गृहस्थाचा लष्करातला भाऊ आणि भावजय हिंदुस्थानात वारलेली आहेत (आपल्याकडचा संबंध आहे तो एवढाच) आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा माइल्स आणि आठ वर्षांची फ्लोरा, एसेक्समधल्या ब्लाय नावाच्या जुन्या वाड्यात ठेवलेली आहेत. नोकरीची अट एकच असते : काहीही झाले तरी मला त्रास द्यायचा नाही, काही कळवायचे नाही, सगळे तुमचे तुम्ही पाहायचे. माइल्सला शाळेतून काढून टाकल्याचे पत्र येते, कारण दिलेले नसते. पुढे गव्हर्नेसला वाड्याच्या मनोऱ्यावर एक पुरुष आणि तळ्याकाठी एक स्त्री दिसू लागते. तो पीटर क्विंट, म्हणजे मालकाचा पूर्वीचा खासगी नोकर, आणि ती मिस जेसेल, म्हणजे आधीची गव्हर्नेस, दोघेही मेलेले. ही दोघे मुलांना आपल्याकडे ओढायला आली आहेत अशी तिची खात्री पटते, आणि शेवटच्या पानावर माइल्स तिच्याच मिठीत मरतो. तिचे नाव आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही.

1898 साली ही गोष्ट अमेरिकेतल्या ‘कॉलिअर्स वीकली’मध्ये जानेवारी ते एप्रिल अशी क्रमशः आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. तेव्हाच्या बहुतेक वाचकांना तुमचा हा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांनी भुते गृहीत धरली आणि ते भडकले ते निराळ्याच गोष्टीवर, ती म्हणजे निरागस मुले इतकी बिघडलेली दाखवणे. ‘इंडिपेन्डन्ट’ या अमेरिकी नियतकालिकाच्या समीक्षकाने 1899 च्या जानेवारीत लिहिले की, कोणत्याही साहित्यात इतकी निखालस दुष्ट गोष्ट आम्ही वाचलेली नाही. त्याच सुमारास ऑस्कर वाइल्ड यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात तिला अद्भुत, भडक आणि विषारी म्हटले, अर्थात त्यांच्या तोंडी ती प्रशंसा होती. भुते गृहीत धरण्यात त्या काळी काही भाबडेपणा नव्हता. लंडनमध्ये 1882 पासून अतींद्रिय घटनांचा रीतसर अभ्यास करणारी संस्था चालू होती, आणि हेन्री जेम्स यांचे थोरले बंधू, तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स, 1894-95 मध्ये तिचे अध्यक्ष होते.

गोष्टीचे बीजही भुतांचेच आहे. 1895 च्या जानेवारीत कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांनी जेम्सना एक अर्धवट ऐकीव हकिकत सांगितली, आणि 12 जानेवारीला जेम्सनी ती वहीत टिपून ठेवली : दुष्ट नोकर, त्यांच्या ताब्यातली मुले, नोकरांचा मृत्यू, आणि मग त्यांची भुते मुलांना धोक्याच्या जागांवरून पलीकडे बोलावतात, ती अशासाठी की त्यांनी आपण होऊन स्वतःचा नाश करून घ्यावा. या टिपणात कोणा गव्हर्नेसच्या मनःस्थितीविषयी अक्षरही नाही. उलट, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्या माणसाने सांगावी असा विचार तिथे नोंदलेला आहे. प्रत्यक्ष लिहिताना जेम्सनी तो बाहेरचा माणूस काढून टाकला आणि सगळी हकिकत गव्हर्नेसच्या हाती दिली. मला वाटते, शंभर वर्षांच्या वादाची मुळे या एका निर्णयात आहेत. त्यांनी ही कादंबरी मनगटाच्या दुखण्यामुळे तोंडी सांगून उतरवून घेतली, आणि उतरवून घेणारा स्कॉटिश मदतनीस भयंकरातल्या भयंकर वाक्यालाही जागचा हलत नसे, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे पहिल्या वाचकाचे मत काय होते, तर काहीच नाही.

संशयी वाचन विसाव्या शतकातले. एडना केंटन यांनी 1924 मध्ये त्याचा सूर लावला आणि 1934 मध्ये एडमंड विल्सन यांनी तो खणखणीत केला : भुते फक्त तिलाच दिसतात, ती मालकावर मनातून भाळलेली आहे, आणि दबलेल्या इच्छेतून तिने ही माणसे उभी केली आहेत. पहिल्यांदा मनोऱ्यावर माणूस दिसतो तो नेमका ती बागेत एकटी फिरत असताना, आत्ता वळणावर ‘कोणी’ भेटले तर किती बरे, असे मनात घोळवत असताना; हा पुरावा भक्कम आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र विल्सन मनोरा, तळे, आणि फ्लोरा एका लाकडाच्या तुकड्याच्या भोकात दुसरा तुकडा डोलकाठी म्हणून खोचते तो प्रसंग, या सगळ्यांना फ्रॉइडच्या चष्म्यातून पाहतात तेव्हा मला ते अतीच वाटते. आठ वर्षांची पोर तळ्याकाठी बसली की ती होडीच करणार.

विल्सन यांच्या विरोधकांनी बोट ठेवले ते पाचव्या प्रकरणातल्या एका पानावर, आणि तुम्हाला वाद समजून घ्यायचा असेल तर तेवढे एक पान सावकाश वाचा. खिडकीबाहेर दिसलेल्या माणसाचे वर्णन गव्हर्नेस मिसेस ग्रोस या घर सांभाळणाऱ्या बाईंना सांगते. डोक्यावर टोपी नाही, केस लालभडक आणि कुरळे, चेहरा लांबट आणि फिकट, गालावर चमत्कारिक तांबडे कल्ले, भुवया मात्र काळपट, नजर तीक्ष्ण, तोंड रुंद आणि ओठ पातळ. दिसायला एखाद्या नटासारखा, आणि अंगावर चांगले कपडे, पण स्वतःचे नसलेले. मिसेस ग्रोस एकेका तपशिलासरशी पांढऱ्याफटक पडत जातात आणि अखेर नाव घेतात. ज्या माणसाला तिने कधी पाहिले नाही, ज्याच्याविषयी तिला कोणी सांगितलेले नाही, त्याचे कल्ले तिला भासात कसे दिसतील? 1947 मध्ये वॉल्डॉक आणि हाइलमन यांनी विल्सनना असेच धारेवर धरले, आणि बरीच वर्षे वाटले की वाद मिटला. मग 1957 मध्ये जॉन सिल्व्हर यांनी त्याच संभाषणातली एक ओळ दाखवली. तो माणूस गावातला नव्हे ना, असे मिसेस ग्रोस विचारतात तेव्हा ती म्हणते, नव्हे. तुम्हाला सांगितले नाही, पण मी खात्री करून घेतली आहे. म्हणजे ती गावात चौकशी करून आली होती, आणि ज्या गावात क्विंट दारू पिऊन परतताना निसरड्या वाटेवर मरून पडला तिथे त्याच्या लाल केसांविषयी कोणी काहीच बोलले नसेल, हे धरून चालता येत नाही. खुद्द विल्सन यांनी 1948 मध्ये आपले म्हणणे बरेच सौम्य केले होते, ते पुढे 1959 मध्ये पुन्हा मूळ मताकडे वळले. इतका मोठा समीक्षक दोनदा फिरतो, तेव्हा तुम्ही वाचताना मध्येच गोंधळलात याचे काही वाटून घेऊ नका.

आमच्या वाचकगटात या कादंबरीवर चर्चा झाली तेव्हा मते साधारण वयाप्रमाणे विभागली गेली. नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांवर वाढलेल्या मंडळींना शंकेचा हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटला. त्यांच्या वाचनसंस्कारात ज्याला अमंगळ दिसते त्याचे दिसणे बरोबर असते, वाईट शक्ती बाहेरची असते आणि तिचा बंदोबस्त जाणत्या माणसाच्या हाती असतो. म्हणून ते गव्हर्नेसच्या बाजूने उभे राहिले. मतकरींच्या गूढकथा ज्यांना अधिक जवळच्या होत्या, ते भीतीचा उगम मनात शोधत राहिले. तरुण मुलांनी तर ‘ती मानसिक रुग्ण आहे’ असे पहिल्या अर्ध्या तासात जाहीर केले आणि त्यांचा रस संपला, याचे मला वाईट वाटले, कारण रोगाचे नाव कळले म्हणून मजकूर वाचायचे थांबायचे नसते. या सगळ्या गलबल्यात एका निवृत्त परिचारिकेने जो प्रश्न विचारला, तो मला छापील समीक्षेतल्या पुष्कळ मजकुरापेक्षा मोलाचा वाटला : “मुलीला घरातून हलवले, मग मुलाला का नाही?”

त्या प्रश्नापाशी थांबले की माझे उत्तर का असे आहे ते कळेल. तळ्याकाठी गव्हर्नेस मिस जेसेलकडे बोट दाखवते तेव्हा मिसेस ग्रोसना काहीही दिसत नाही, आणि फ्लोराही काही दिसत नसल्याचे ओरडून सांगते. संशयी वाचक इथे जिंकल्यासारखा असतो. पण त्या रात्री तापलेल्या फ्लोराच्या तोंडून मिसेस ग्रोस जे काही अभद्र ऐकतात, ते इतके भयंकर असते की सकाळी त्याच बाई गव्हर्नेसला म्हणतात, माझा विश्वास बसला. अक्षरओळख नसलेली, कल्पनेच्या मागे न धावणारी ही बाई आपल्या कानांच्या साक्षीवर बाजू बदलते, आणि तिच्याबरोबर मीही बदलते. भुते मला मान्य आहेत ती इथे. आता मिसेस ग्रोस फ्लोराला घेऊन काकांकडे निघतात, आणि माइल्सला गव्हर्नेस स्वतःपाशी ठेवून घेते, कारण तिला त्याच्याकडून कबुली हवी असते.

शेवटचे प्रकरण ही त्या कबुलीची उलटतपासणी आहे. ती त्याला घट्ट धरते, खिडकीकडे त्याची पाठ राहील असे पाहते, आणि शाळेत काय केलेस ते वदवून घेते. उत्तर येते ते इतकेच की काहीबाही बोललो, तेही जे आवडत होते त्यांच्यापाशी. ती स्वतःच लिहिते की निव्वळ मायेने आपले हात त्याला गदागदा हलवत होते. एका क्षणी तिच्या मनात येतेही : हा निर्दोष असेल, तर मग मी कोण? पण तो क्षण सरतो. पोराला घाम फुटलेला, श्वास लागलेला, खिडकीत कोण आहे ते त्याला दिसत नाही, आणि ती नाव विचारत राहते. तो क्विंटचे नाव घेतो, लगेच ‘सैतान’ म्हणतो (कोणाला म्हणतो यावरही वाचकांत दोन तट आहेत), आणि काही क्षणांत संपतो.

हा प्रसंग आपल्याकडच्या वाचकाला परका वाटू नये. धरून ठेवायचे, ‘कोण आहेस, नाव सांग’ म्हणून विचारत राहायचे, झाड (अंगातले भूत) सुटल्याचे जाहीर करायचे आणि मग माणसाच्या अंगात जीव उरला आहे का ते पाहायचे, हे इथे गावोगाव घडलेले आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे अशा कृत्यांची आहे. तिथे भुताच्या अस्तित्वाचा निवाडा कोणी मागत नाही. माणसाचे काय केले यावर गुन्हा ठरतो. या कादंबरीकडे मी त्याच नजरेने पाहते. गव्हर्नेसला जे दिसते ते खरे असू शकते, आणि तरीही तिने केलेला उपाय जीवघेणा असू शकतो. ‘खरी की भास’ या प्रश्नात गुंतलेले दोन्ही पक्ष हे धरून चालतात की भुते खरी ठरली तर बाई सुटली.

जेम्स यांचे स्वतःचे मत विचाराल तर त्याचा फारसा उपयोग नाही. एच. जी. वेल्सना त्यांनी ही पोटासाठी केलेली गंमत असल्याचे कळवले, आणि 1908 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, सहज न फसणाऱ्यांना पकडायला लावलेला हा सापळा आहे अशा अर्थाचे लिहिले. मुलांच्या बाबतीत नेमके काय वाईट घडले ते त्यांनी मुद्दाम कुठेच सांगितले नाही. वाचकाने ते स्वतः कल्पावे अशीच त्यांची योजना होती.

तुमच्यापैकी काहीजण पुढे असेही विचारतात, की ही बाई इतकी धोकादायक होती तर चौकटकथेतला डग्लस, म्हणजे सुरुवातीला तिने लिहिलेली ही हकिकत मित्रमंडळींना वाचून दाखवणारा गृहस्थ, तिचे इतके गुणगान का करतो, आणि नंतर त्याच्या बहिणीला शिकवण्याची नोकरी तिला मिळालीच कशी? भुतांच्या बाजूचे वाचक हे तिच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र समजतात. मला त्यात वेगळे दिसते. मिसेस ग्रोस आणि फ्लोरा काकांपर्यंत पोचल्या का, त्याने काही विचारले का, हे कादंबरी सांगत नाही. डग्लस मात्र सांगतो की तिने ही हकिकत त्याच्याखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. मला काही कळवायचे नाही, असे मालकाने पहिल्याच दिवशी बजावले होते, आणि ती अट तिने, त्याला लिहिलेल्या पण न पोचलेल्या एका पत्राचा अपवाद सोडला तर, चोख पाळली. त्यामुळे डग्लसच्या घरच्यांनी मुलीसाठी गव्हर्नेस नेमली तेव्हा त्यांच्यासमोर एक सुशिक्षित, गोड स्वभावाची, पाद्र्याच्या घरातली तरुण बाई होती, आणि तिच्या आधीच्या नोकरीत काय झाले हे त्यांना सांगणारे कोणीही नव्हते.