गुरुवारची फळं, शुक्रवारचा कॉब्लर

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात फळं साचायला लागतात. दर गुरुवारी घटापुढे पाच फळं मांडायची, आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला येणाऱ्या सवाष्णींच्या हातात एकेक फळ द्यायचं. आई जितकी फळं वाटते, साधारण तितकीच तिला शेजारच्या घरांतून मिळतात. त्यामुळे टोपली काही रिकामी होत नाही. शुक्रवारी सकाळी त्यात कुंकू लागलेलं सफरचंद, ठिपके पडलेली केळी, बोट लावलं तर दबणारा चिकू आणि घरभर वास सोडणारे पेरू असतात. देवापुढची फळं टाकवत नाहीत, आणि एवढी पिकल्यावर कुणी हात लावत नाही.

मी त्यांचा कॉब्लर करतो. तळाशी साखर-लिंबू लावलेली फळं, वर मऊ पिठाचे गोळे, आणि ते भांडं तसंच ओव्हनमध्ये. पदार्थ मूळचा अमेरिकेतला. इंग्लंडहून तिकडे गेलेल्या लोकांना घरच्यासारखे पाई-पुडिंग करायला ना नीट भट्टी होती ना साहित्य. मग जाड लोखंडी भांड्यात फळं घालून वर पीठ टाकायचं आणि झाकणावर निखारे ठेवायचे, अशी सोय त्यांनी काढली. खाली-वर विस्तवाची ही युक्ती आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांनाही ठाऊक होती. मला या पदार्थात आवडतो तो त्याचा गबाळेपणा. लाटणं नाही, कडा दुमडणं नाही, साचा नाही. शिवाय अंडं लागत नाही, आणि मार्गशीर्षात आमच्याकडे तेच सगळ्यात महत्त्वाचं.

पहिल्यांदा आईनं पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "चांगली फळं शिजवायलास व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. तिचंही बरोबरच होतं. आपल्याकडे फळाचा मान कच्चं खाण्यात. फार तर शिकरण, किंवा लग्नाच्या पंगतीतलं ते गारढोण फ्रूटसॅलड. शिजवायचं ते आजाऱ्यासाठी किंवा टिकवण्यासाठी, म्हणजे मोरांबा, साखरांबा. पण मग सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं पडतं त्याचं काय? पेरूची भाजी होते, ती? आणि भोगीच्या भाजीत हरभऱ्याचे सोले, गाजर, वांग्याबरोबर जी बोरं जातात, ती? हे मुद्दे मी मांडले. आई म्हणाली, "ती भाजी आहे." वाद तिथंच संपला.

सोलापुरातला हिवाळा हा तसा अर्ध्या दिवसाचाच. दुपारी सात रस्ता चौकात उभं राहिलं तर मार्च असल्यासारखं ऊन लागतं, आणि रात्री मात्र चादर अंगाशी ओढून घ्यावी लागते. वर्षभर या गावात ओव्हन लावणं म्हणजे शिक्षा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि आपण घरात अजून एक भट्टी पेटवायची! डिसेंबर ते संक्रांत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे पाळणे होम मैदानावर उभे राहतात तोवर, स्वयंपाकघरात ऊब हवीशी वाटते. खरा सीझन तेवढाच.

आता फळांचं. सोलापूरकरानं डाळिंबाचं काही केलं नाही तर गावाशी बेइमानी केल्यासारखं होतं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला, २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण डाळिंब भाजू नये. दाण्याचा रस निघून जातो, लाल रंग मळकट होतो आणि दातांखाली नुसत्या बिया येतात. ते वाढताना वरून कच्चंच टाकायचं, तिथं ते राजा. चिकू उष्णतेनं पिठूळ आणि अतिगोड होतो, त्याचं मिल्कशेक करून मोकळं व्हावं. केळं थोडं चालतं, जास्त झालं की बाकी सगळ्यांना गिळून टाकतं. सफरचंद आकार धरतं, पण त्याचं स्वतःचं म्हणणं फारसं नसतं.

पेरू मात्र या कामासाठीच जन्माला आलाय. लक्ष्मी मंडईत हिवाळ्यात पेरूंचे ढीग लागतात, त्यातला पिवळट, किंचित दबणारा घ्यायचा. मधला बियांचा गर चमच्यानं काढून थोड्या पाण्यात उकळायचा आणि चाळणीतून गाळायचा. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे हा गाळलेला गर आपोआप दाटतो. बाहेरच्या भागाच्या फोडी. अर्धा किलो फळांना चार मोठे चमचे साखर, अर्धं लिंबू, एक चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ. परदेशी कृतींत दालचिनी असतेच असते. मी ती घालत नाही. दालचिनी आली की आमच्या घरात सगळ्यांना मसालेभात आठवतो. त्यापेक्षा जायफळ बरं, नाहीतर सुंठ.

वरच्या थरासाठी एक वाटी पीठ, निम्मा मैदा आणि निम्मं ज्वारीचं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे थर चिवट न होता खुसखुशीत होतो. घरात मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी असतेच. आणि इथं माझा सगळ्यात लाडका भाग येतो. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात, परातीतून उचलली की तुटते. ते पीठ कडवट झालं नसेल तर इथं बिनदिक्कत चालतं, कारण थापायचंच नाही. भाकरीच्या परीक्षेत नापास झालेलं पीठ कॉब्लरमध्ये पहिलं येतं. आईला हा युक्तिवाद मात्र लगेच पटला. विरी गेलेल्या पिठाचं काय करायचं हा तिचा जुना प्रश्न आहे.

पिठात दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, मीठ. मग फ्रीजमधलं घट्ट लोणी तीन-चार मोठे चमचे, बोटांच्या टोकांनी चुरत. तूप वापरलं तर नानकटाईच्या वळणाचा थर होतो, तोही वाईट नाही. पण लोण्यातल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि थर जरा हलका येतो. शेवटी अर्धी वाटी गार दूध, आणि चमच्यानं जेमतेम एकत्र करायचं. फार मळायचं नाही. मऊसूत गोळा झाला नाही म्हणून हात शिवशिवतात, ते आवरायचे.

फळं आधी एकटीच १९० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायची. थंड फळांवर पीठ टाकलं तर वरून छान रंग येतो आणि खालून ते कच्चं, चिकट राहतं. बेकिंग पावडर ओली झाली की वायू सुटायला लागतो, म्हणून दूध घातल्यावर फोन उचलायचा नाही. सरळ गरम फळांवर चमच्यानं गोळे टाकायचे. मध्ये मोकळ्या जागा राहू द्यायच्या, वाफ जायला. अजून अर्धा तास. वर रंग आला म्हणजे झालं असं नव्हे. मधोमध रस जाड बुडबुडे काढत उकळला पाहिजे, तरच कॉर्नफ्लोअर शिजलेलं असतं. भांडं बाहेर काढायला सोलापुरी टॉवेल दोन घड्या करून. आमच्याकडे ओव्हनचे हातमोजे कुणी कधी विकत घेतले नाहीत, घेणारही नाही.

वीस मिनिटं थांबवत नाही, पण थांबावं. रस तेव्हाच आळतो, आणि जीभही वाचते. व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर खातात म्हणे. आमच्याकडे रात्रीच्या दुधावरची गार साय आणि मूठभर डाळिंबाचे दाणे. आई "चव बघते" म्हणून एक वाटी घेते, मग भांड्याच्या कडेला चिकटलेलं खरवडते, आणि वर म्हणते, "शिराच बरा."

वडिलांचा पक्ष वेगळा. ते रात्री फारसं घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, ही वस्तू शनिवारी सकाळी चहाबरोबर खायची. फक्त गरम करायची ती तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्हमध्ये घातलं की वरचा थर वातड होतो.